घरखरेदी : नोंदणीच्या शिक्क्यापलीकडची मालकी

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीउल्लाह विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात दिलेल्या निकालाची चर्चा प्रामुख्याने 'ब्लॉकचेन' या एका शब्दाभोवती झाली. भूमी अभिलेखांसाठी हे तंत्रज्ञान वापरता येईल का, याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असे न्यायालयाने सुचवले आणि बातम्यांचे मथळे तिथेच थांबले. परंतु घर किंवा जमीन घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने या निकालाचा गाभा वेगळाच आहे. विक्रेत्याच्या नावे जमाबंदीची नोंद असल्याचा पुरावा दिल्याशिवाय खरेदीखत नोंदवायचे नाही, असा नियम बिहार सरकारने २०१९ मध्ये केला होता. तो न्यायालयाने रद्द ठरवला. दस्त नोंदवणे हे निबंधकाचे काम आहे, विक्रेता खरोखर मालक आहे किंवा नाही याचा निवाडा करणे हे त्याचे काम नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

याच वर्षी एप्रिलमध्ये तामिळनाडूच्या एका नियमाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली होती. विक्रेत्याने मूळ मालकीपत्र दाखवले नाही तर दस्त नाकारण्याचा अधिकार तेथील नियमाने दुय्यम निबंधकाला दिला होता. १९०८ च्या नोंदणी कायद्यात असा अधिकार नसल्याने तो नियमही टिकला नाही.

दोन्ही निकाल कायद्याला धरून आहेत, याविषयी शंका नाही. फेरफाराच्या नोंदी जिथे वर्षानुवर्षे अपुऱ्या आहेत, तिथे त्या नोंदीअभावी विक्रीच थांबवणे हा मालमत्तेच्या हक्कावर घाला ठरतो. पण त्याचा व्यावहारिक परिणाम लक्षात घ्यायला हवा. नोंदणी कार्यालयात मुद्रांक शुल्क भरले जाते, अंगठ्याचे ठसे व छायाचित्रे घेतली जातात, दस्तावर शिक्का उमटतो. त्या शिक्क्याकडे खरेदीदार सरकारी हमी म्हणून पाहतो. वास्तविक ती हमी नसते. कोणा व्यक्तीने अमुक दिवशी अमुक मजकुरावर सही केली, एवढेच तो शिक्का सांगतो. सही करणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता काय, हे तपासण्याची जबाबदारी खरेदीदाराची राहते आणि प्रत्यक्षात ती त्याने नेमलेल्या वकिलावर येऊन पडते. या निकालात न्यायालयाने मालमत्ता खरेदीचा अनुभव नागरिकांना मनस्ताप देणारा असल्याची नोंद केली, आणि देशातील दिवाणी दाव्यांपैकी सुमारे ६६ टक्के दावे मालमत्तेचे असल्याचा अंदाजही उद्धृत केला. इतके ओझे ज्या एका व्यावसायिकाच्या खांद्यावर आहे, त्याची निवड मात्र आपल्याकडे सर्वांत शेवटी, आणि बहुधा दुसऱ्याच कोणाकडून, होते.

हमी नसलेली व्यवस्था

इंग्लंडमध्ये घर घेणारा माणूस प्रथम सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर नेमतो. तिथे मालकीची नोंद शासकीय भूनोंदणी कार्यालयात असते, आणि त्या नोंदीत चूक निघून नुकसान झाले तर भरपाई देण्याची तरतूद कायद्यातच आहे. सॉलिसिटरला व्यावसायिक दायित्वाचा विमा बंधनकारक आहे, त्याच्या सेवेविरुद्ध तक्रार ऐकणारा स्वतंत्र लोकपाल आहे. नोंद हीच मालकी, हे तत्त्व १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात टॉरेन्स यांनी रूढ केले व पुढे अनेक देशांनी ते स्वीकारले.

भारताने तो मार्ग घेतला नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८९९ चा मुद्रांक कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा या तीन वसाहतकालीन कायद्यांवर आपली व्यवस्था उभी आहे. त्यात दस्ताची नोंदणी होते, मालकीची नव्हे. सातबारा, जमाबंदी, पट्टा, खाता ही महसुली कागदपत्रे आहेत. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. २००८ पासून भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम राबवला जात आहे, पण संगणकावर आल्याने चुकीची नोंद बरोबर होत नाही. ती फक्त लवकर सापडते. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींच्या मालकी प्रमाणपत्राचा कायदा केला, निती आयोगाने निर्णायक मालकीच्या कायद्याचा नमुना २०२० मध्ये राज्यांपुढे ठेवला. मे २०२५ मध्ये केंद्रीय भूसंसाधन विभागाने नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. विक्री करार व मुखत्यारपत्रांची नोंदणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव त्यात आहे. हे सर्व प्रयत्न स्वागतार्ह असले, तरी आज घर घेणाऱ्याला त्यांचा आधार नाही.

म्हणून आपल्याकडे मालकी ही नेहमीच एक अनुमानित गोष्ट राहते. कागदांची साखळी मागे मागे तपासत न्यायची आणि कुठे दुवा निखळलेला नाही ना, हे पाहायचे. ही तपासणी साधारणपणे ३० वर्षांची करण्याचा प्रघात आहे. तो आकडा मनमानी नाही. गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत करता येतो, शासनाला दाव्यासाठी तेवढीच मुदत आहे, आणि ३० वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला तर पुराव्याच्या कायद्यात त्याच्या खरेपणाविषयी अनुकूल गृहीतक धरता येते.

शोध घेणारा वकील नेमके काय करतो

मुंबईत या कामाला सॉलिसिटरांची परंपरा आहे. ॲटर्नी हा वेगळा वर्ग १९७६ च्या कायदादुरुस्तीने संपुष्टात आला, तरी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा अजूनही घेतली जाते आणि ती उत्तीर्ण झालेले वकील स्वतःला सॉलिसिटर म्हणवतात. कोलकात्यातही अशीच परंपरा होती. देशात अन्यत्र हे काम साधे वकील करतात, आणि लहान गावांत तर दस्तलेखकच वकिलाची जागा घेतो. दस्तलेखकाचा मसुदा सुबक असतो, अक्षर वळणदार असते. पण त्याला विचारलेला प्रश्न 'दस्त कसा लिहायचा' हा असतो, 'घ्यायचे की नाही' हा नसतो. त्या दुसऱ्या प्रश्नासाठीच वकील लागतो.

शोधाचे काम प्रत्यक्षात बहुधा वकील स्वतः करत नाही, हेही खरेदीदाराला ठाऊक असावे. शोध घेणारा वेगळा माणूस असतो. तो दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सूची क्रमांक दोनची पुस्तके चाळतो. अलीकडची वर्षे संगणकावर मिळतात. जुन्या वर्षांसाठी बांधणी सुटलेली बाडे हाताळावी लागतात. त्याच्या अहवालात बरेचदा एक वाक्य असते : अमुक वर्षांच्या नोंदी फाटलेल्या अवस्थेत आहेत, तमुक वर्षांच्या उपलब्ध नाहीत. खरेदीदार हे वाक्य वाचत नाही. वस्तुतः संपूर्ण अहवालातले तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य असू शकते. चांगला वकील त्या रिकाम्या वर्षांसाठी दुसरे पुरावे मागतो : त्या काळातले फेरफार, कर पावत्या, जुन्या दस्तांच्या प्रमाणित प्रती. सुमार वकील ते वाक्य तसेच आपल्या अभिप्रायात उतरवतो आणि शेवटी 'मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य आहे' असे लिहून मोकळा होतो.

नोंदणी कार्यालयात न दिसणाऱ्या बोज्यांचा शोध हा आणखी कठीण भाग. मूळ मालकीपत्रे बँकेत ठेवून कर्ज काढले तर गहाण निर्माण होते आणि त्यासाठी नोंदणीकृत दस्त आवश्यकच असतो असे नाही. एकच सदनिका दोन-तीन बँकांकडे गहाण ठेवण्याचे प्रकार यातूनच घडत आले. २०११ मध्ये 'सरसाई' ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली आणि अल्प शुल्क भरून तिच्यात शोध घेता येतो. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे दाखल करण्याचेही बंधन आहे. पण सावकाराकडे किंवा नातेवाइकाकडे विश्वासाने ठेवलेले मूळ दस्त या दोन्ही जाळ्यांतून निसटू शकतात. 'मूळ कागद हरवले आहेत, झेरॉक्स आहे' असे विक्रेता म्हणतो तेव्हा वकिलाने थांबायलाच हवे. पोलिसांतील नोंद, प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस हे सोपस्कार त्यानंतरचे.

जाहीर नोटिशीविषयीही काही गैरसमज आहेत. वृत्तपत्रात १४ दिवसांची मुदत देऊन हरकती मागवण्याची पद्धत मुंबई-पुण्यात रूढ आहे. ही मुदत उलटली म्हणजे हक्क बुडाला, असा कायदा मात्र नाही. अमेरिकेत राहणारी बहीण किंवा इंदूरला असलेला चुलत भाऊ ती नोटीस वाचेलच असे कोणी मानू शकत नाही. नोटिशीचा उपयोग इतकाच की, आपण योग्य ती चौकशी करूनच व्यवहार केला, असे खरेदीदाराला पुढे सांगता येते.

आणि बहीण हा शब्द इथे सहज आलेला नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री व वाटण्या कायद्याने सुरक्षित ठेवल्या, त्यानंतरच्या नाहीत. त्यामुळे २०१० साली फक्त भावांनी सह्या करून विकलेल्या वडिलोपार्जित जमिनीवर आज इमारत उभी असेल, तर त्या इमारतीतील सदनिका घेणाऱ्याने बहिणींच्या हक्कसोड पत्राचा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि ते पत्र नोंदणीकृत आहे का, हाही. मुंबईतील सहकारी गृहसंस्थांत याचे एक सौम्य रूप आढळते. सभासदाच्या मृत्यूनंतर भागप्रमाणपत्र नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे होते, आणि तीच व्यक्ती मालक म्हणून सदनिका विकायला काढते. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळणारी असते. ती एकटी विकू शकते, असे समजून केलेला व्यवहार पुढे कोर्टात जाण्याची शक्यता मोठी.

जागा प्रत्यक्ष पाहणे हेही कायदेशीर तपासणीचाच भाग आहे, हे अनेक वकीलही विसरतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ नुसार, जो प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असेच गृहीत धरले जाते. आत भाडेकरू राहत असेल आणि विक्रेता 'तो आमचा ओळखीचा, सांगितले की जाईल' असे म्हणत असेल, तर त्या ओळखीच्या माणसाशी बोलणे खरेदीदाराचे कर्तव्य ठरते. उलट, कलम ५५ प्रमाणे मालकीतील दोष उघड करणे, कागद तपासायला देणे आणि खरेदीदाराच्या रास्त प्रश्नांना उत्तर देणे हे विक्रेत्यावरही बंधनकारक आहे. जुन्या सॉलिसिटर पेढ्या या कलमाच्या आधारे विक्रेत्याला लेखी प्रश्नावली पाठवत. ती प्रथा आता मागे पडली आहे. ती पुन्हा सुरू करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. लेखी विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देताना माणूस दोनदा विचार करतो.

बँकेने कर्ज दिले, म्हणजे सारे ठीक?

कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे 'महारेरा'ची नोंदणी मिळवून या इमारती उभ्या राहिल्या. शेकडो कुटुंबांनी सदनिका घेतल्या, अनेकांनी गृहकर्जे काढली, दस्त रीतसर नोंदवले गेले, मुद्रांक शुल्क शासनजमा झाले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि रहिवाशांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यानंतर ते दिलासा मागत शासनाच्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. नालासोपाऱ्यातील ४१ इमारतींवर २०२५ च्या सुरुवातीस हातोडा पडला, तेव्हाही चित्र वेगळे नव्हते. ती जागा सांडपाणी प्रकल्पासह सार्वजनिक कामांसाठी आरक्षित होती.

डोंबिवलीच्या खरेदीदारांकडे काय नव्हते? नोंदणीचा शिक्का होता, नियामकाचा क्रमांक होता, अनेकांकडे बँकेची मंजुरी होती. नव्हते ते एकच : बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाणारा आणि 'हा कागद तुम्हीच दिला आहे का' असे लेखी विचारणारा स्वतःचा माणूस. मालकी हक्काचा शोध आणि बांधकामाची वैधता या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिली निर्दोष असूनही दुसरी घर जमीनदोस्त करू शकते. वकिलाला काम देताना दोन्हींचा उल्लेख केला नाही, तर तो बहुधा पहिलीच करतो.

बँकेच्या तपासणीवर विसंबण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर गेली आहे. बँक पॅनेलवरील वकिलाकडून शोध अहवाल घेते, त्याचे शुल्क बहुधा कर्जदाराकडून वसूल करते. अहवाल मात्र बँकेसाठी असतो. त्याची प्रत मिळणेदेखील कर्जदाराला अवघड जाते, आणि त्यात चूक निघाल्यास कर्जाचा हप्ता थांबत नाही. बँकेला आपल्या कर्जाएवढी सुरक्षितता पुरते, शिवाय तिच्याकडे कर्जदाराचा पगार आणि जामीनदार असतात. खरेदीदाराची सारी पुंजी त्या एका मालमत्तेत असते. दोघांची गरज एक नाही, तेव्हा दोघांचा वकीलही एक असू शकत नाही.

विकासकाच्या वकिलाने दिलेल्या मालकी प्रमाणपत्राचेही तसेच. २०२१ मध्ये 'महारेरा'ने या अहवालाचा ठरावीक नमुना लागू केला, त्यामुळे आता तो संकेतस्थळावर वाचायला मिळतो, ही मोठी सोय झाली. तरीही तो अहवाल विकासकाने नेमलेल्या व्यक्तीने, विकासकाने दिलेल्या कागदांवरून तयार केलेला असतो. खरेदीदाराने तो आपल्या वकिलाच्या हाती द्यावा आणि त्यात काय सांगितले आहे यापेक्षा काय सांगितलेले नाही, हे विचारावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम १८ खरेदीदाराच्या बाजूने भक्कम आहे : जमिनीच्या मालकीतील दोषामुळे नुकसान झाले तर विकासकाने भरपाई द्यायची, आणि या दाव्याला मुदतीचे बंधन नाही. परंतु भरपाईचा आदेश मिळणे आणि पैसे हाती पडणे यांत किती अंतर असते, हे आदेश हाती घेऊन वसुलीसाठी खेटे घालणारे ग्राहकच सांगू शकतील. त्याच कायद्याच्या कलम १६ मधील मालकी हक्काचा विमा अद्याप सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचलेला नाही.

निवड कशी करावी

वकिलांना जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संकेतस्थळांवरून वकिलांची सेवा 'विकण्या'वरही कठोर आक्षेप घेतला. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी हे योग्य असेलही, पण खरेदीदाराला त्यामुळे तुलना करण्याचे साधन उरत नाही. मग दलाल सांगतो तो वकील नेमला जातो. व्यवहार पार पडला तरच दलाली मिळणाऱ्या माणसाने सुचवलेला वकील व्यवहार मोडण्याचा सल्ला किती वेळा देईल, याचा विचार ज्याने त्याने करावा. ज्या गावात मालमत्ता आहे तिथल्या न्यायालयात मालमत्तेचे दावे चालवणारा वकील हा दलालाने सुचवलेल्या नावापेक्षा बरा मार्गदर्शक असतो, कारण दस्तातील कोणते वाक्य दहा वर्षांनी नडते, हे त्याने पाहिलेले असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी हा स्थानिकतेचा मुद्दा विशेष ध्यानात घ्यावा. पुण्यातला विश्वासू वकील बंगळूरच्या 'बी खात्या'चा अर्थ लावू शकेलच असे नाही. तिथे कन्नड वाचता येणारा आणि महापालिकेचे व्यवहार जाणणारा वकील हवा. दिल्लीत मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीवर घरे विकण्याची जुनी चाल आहे. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितले. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा असल्याने विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती हा कळीचा मुद्दा ठरतो. मुंबईहून सुट्टीतले घर घ्यायला गेलेल्यांना एक-चौदाचा उतारा सातबारासारखा दिसतो आणि ते निर्धास्त होतात. खुद्द महाराष्ट्रातही शेतजमीन घेताना शेतकरी असण्याची अट, वर्ग दोनची जमीन, आदिवासी खातेदाराच्या जमिनीला लागणारी परवानगी, तुकडेबंदी अशा अटींचे जाळे आहे. तुकडेबंदीत २०२५ साली शहरी व नियोजित भागांसाठी सवलत आली, पण कोणत्या जमिनीला ती लागू होते, हे सर्वे क्रमांकागणिक पाहावे लागते.

वकिलाला भेटण्याची वेळ हा तर सर्वांत दुर्लक्षित भाग. आपल्याकडे आधी बयाणा दिला जातो, मग वकील शोधला जातो. एकदा पाच-दहा लाख गुंतले की वकिलाचा प्रत्येक प्रश्न खरेदीदारालाच अडथळा वाटू लागतो. क्रम उलटा करणे शक्य नसेल तर निदान बयाणा पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : मालकी हक्क खरेदीदाराच्या वकिलाच्या मते निर्वेध न आढळल्यास रक्कम अमुक दिवसांत परत करण्यात येईल. नव्या प्रकल्पात करारनामा नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला कायद्यानेच बंदी आहे.

काम देताना ते लेखी द्यावे. शोध किती वर्षांचा, कोणत्या कार्यालयांत, न्यायालयीन दाव्यांचा व सरसाईचा शोध त्यात आहे का, बांधकाम परवानगीची पडताळणी कोण करणार, जाहीर नोटीस कोणाच्या नावे निघणार, अंतिम अभिप्राय कोणाला उद्देशून असेल, हे ठरवून घ्यावे. ज्याने एका पक्षाला त्याच प्रकरणात सल्ला दिला त्याने दुसऱ्या पक्षासाठी काम करू नये, असा विधिज्ञ परिषदेचा नियम आहे. 'दोघांचा मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल' ही सूचना कितीही स्नेहाने आली तरी नाकारावी. खर्चाचा प्रश्न इथे तुलनेने पाहायला हवा. मुंबईत एक कोटीच्या सदनिकेवर मुद्रांक शुल्क सहा टक्के म्हणजे सहा लाख, नोंदणी शुल्क तीस हजार, शिवाय दलाली. एवढे सारे मुकाट्याने देणारा माणूस वकिलाच्या शुल्कापाशी येऊन घासाघीस करतो. परिणामी वकीलही तेवढ्याच पैशांचे काम करतो.

जबाबदारी कोणाची

इतके करूनही वकील चुकला तर? याचे उत्तर समाधानकारक नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय दिला. वकील अशिलाच्या सूचनांनुसार काम करतो, त्याचे काम इतर व्यवसायांसारखे मोजता येत नाही, ही त्यामागील भूमिका. न्यायालयात युक्तिवाद करणाऱ्या वकिलाबाबत ती पटण्यासारखी आहे. दावा हरला म्हणून वकील दोषी ठरू नये. परंतु सूची क्रमांक दोनमध्ये नोंदलेले गहाण ज्याने पाहिलेच नाही, त्याच्या चुकीत न्यायालयाच्या लहरीचा भाग कोठे येतो? हे काम मोजता येते. नोंद तिथे होती की नव्हती, आणि ती वाचली की वाचली नाही, एवढाच प्रश्न असतो. या दोन प्रकारच्या कामांत निकालाने भेद केला नाही, आणि त्याचा तोटा घर घेणाऱ्यांना होतो.

फौजदारी मार्गही अरुंद आहे. बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने चुकीचा अभिप्राय दिला, एवढ्यावरून त्याला फसवणुकीच्या कटात गोवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सीबीआय विरुद्ध के. नारायण राव या प्रकरणात म्हटले. निष्काळजीपणा आणि संगनमत यांत फरक आहेच. मग उरते ती राज्य विधिज्ञ परिषदेकडील शिस्तभंगाची तक्रार, जिच्यातून भरपाई मिळत नाही, आणि निष्काळजीपणाचा दिवाणी दावा, जो चालवायला पुन्हा वकीलच लागतो.

राज्याने मालकीची हमी द्यायची नाही, निबंधकाने ती तपासायची नाही, बँकेने स्वतःपुरते पाहायचे आणि वकिलाला उत्तरदायित्व नाही, अशी ही साखळी आहे. निर्णायक मालकीची व्यवस्था यायला, विधी आयोगाचा अभ्यास होऊन कायदे बदलायला, अनेक वर्षे लागतील. त्या मानाने मालमत्ता हस्तांतरणाचे काम करणाऱ्या वकिलांना दायित्व विमा सक्तीचा करणे आणि शोध अहवालाचा किमान दर्जा ठरवून देणे ही लहान कामे आहेत. 'महारेरा'ने विकासकांच्या वकिलांसाठी अहवालाचा नमुना आखून दिलाच आहे. तोच खरेदीदारांच्या आणि बँकांच्या वकिलांनाही लागू करायला विधिज्ञ परिषदेची हरकत असण्याचे कारण दिसत नाही. नोंदणी विधेयकाच्या मसुद्याच्या निमित्ताने दस्तांच्या संगणकीय प्रक्रियेवर चर्चा झाली. दस्तापूर्वीच्या तपासणीचा आणि ती करणाऱ्या वकिलाच्या दायित्वाचा विषय मात्र त्या चर्चेच्या परिघाबाहेरच राहिला.